स्लॅक : मोजून ठेवलेली ढील

विजेचे दोन खांब एकमेकांपासून बरोबर १०० मीटरवर उभे आहेत. त्यांच्यामध्ये ताणायला आपल्याकडे १०० मीटर १० सेंटिमीटर तार आहे, म्हणजे जेमतेम पाच बोटं जास्तीची. ही तार मधोमध किती खाली लोंबेल? वीतभर, फार तर हातभर, असं बहुतेकांना वाटतं. उत्तर आहे जवळजवळ २ मीटर, चांगला पुरुषभर झोळ. दोन टोकं पक्की बांधलेल्या तारेत लांबीचा किंचित फरक पडला, की झोळात त्याच्या कितीतरी पट फरक पडतो. भूमिती तशीच आहे.

आता कुणाला हा झोळ खटकला आणि त्याने तार ओढून तो निम्म्यावर आणला, तर तारेतला ताण दुप्पट होतो. चौथाईवर आणला तर चौपट. तार अगदी आडव्या सरळ रेषेत आणायची म्हटली तर अनंत ताण लागेल, आणि त्याच्या कितीतरी आधी तार तुटेल किंवा खांब आत झुकेल. तार स्वतःचं वजन पेलते ती या झोळाच्या जोरावरच. म्हणून तार ओढणाऱ्या टोळीजवळ तक्ता असतो. दोन खांबांमधलं अंतर किती, आज हवा किती तापली आहे, त्यावरून झोळ किती ठेवायचा ते ठरतं. थंडीत ओढलेली तार वैशाखात लांब होणार आणि वैशाखात ओढलेली थंडीत आखडणार, हे त्या तक्त्यात आधीच धरलेलं असतं.

जास्तीच्या त्या १० सेंटिमीटरला इंग्रजीत ‘स्लॅक’ म्हणतात. त्याचा हिशेब चुकला की काय होतं, ते अमेरिकेने १४ ऑगस्ट २००३ ला पाहिलं. ओहायो राज्यात जास्त वीज वाहून तापलेल्या तारा खाली आल्या आणि वेळेवर न छाटलेल्या झाडांना टेकल्या. एकामागून एक वाहिन्या बंद पडत गेल्या, धोक्याची सूचना देणारी संगणकयंत्रणाही त्याच वेळी बिघडलेली होती, आणि अमेरिका व कॅनडातले सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले.

आपल्याकडे हा शब्द बहुधा कानावर पडतो तो ठपका म्हणून. कामात स्लॅक आहे, अभ्यासात स्लॅक झाला. ढिला, सुस्त, चालढकल करणारा, एवढाच अर्थ आपल्यापर्यंत पोचला. ज्यांचा दोरीशी, जहाजाशी, रेल्वेशी किंवा गणिताशी रोजचा संबंध आहे, त्यांच्या तोंडी मात्र तो मोजमापाचा शब्द आहे. किती हवी, कुठे हवी आणि कुणासाठी हवी, असे प्रश्न ते या ढिलाईबद्दल विचारतात. या शब्दाचे बाकीचे सगळे अर्थ नीट लागतात ते या मोजमापाच्या बाजूने पाहिल्यावरच, असं माझं मत आहे.

शब्द जुना आहे. जुन्या इंग्रजीत ‘स्लॅक’ म्हणजे सैल, मंद, निष्काळजी. लॅटिनमधला ‘लाक्सुस’ हा त्याचा दूरचा भाऊबंद, आणि त्या घराण्यातले निम्मे शब्द आपण रोज वापरतो. माणूस रिलॅक्स होतो, सिनेमा रिलीज होतो, जमीन लीजवर दिली जाते, औषधवाला लॅक्झेटिव्ह देतो. सगळीकडे मूळ कल्पना एकच, बांधलेलं सैल करणं. तहान भागवणं या अर्थाचं इंग्रजी ‘स्लेक’ हे क्रियापदही याच मुळातून आलं आहे. शाळेच्या पुस्तकात आपण चुनकळी आणि विरी गेलेला चुना शिकलो, त्या विरी गेलेल्या चुन्याचं इंग्रजी नाव ‘स्लेक्ड लाइम’. चुनकळीवर पाणी पडलं की ती फुगते, तडकते, वाफा सोडते आणि तिचे घट्ट खडे विरून मऊ पीठ होतं. हे होताना बाहेर पडणारी उष्णता पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. चुना एकदा विरला की तो पाण्यासाठी तसा खवळत नाही. भिंतीला द्यायचा तो हा शांत झालेला चुना.

या नावाचे दोन शब्द मात्र भलत्याच घरचे आहेत. चंद्रपूर-वणीपासून झरिया-राणीगंजपर्यंत कोळशाच्या व्यापारात बारीक तुकड्यांच्या आणि चुऱ्याच्या कोळशाला ‘स्लॅक कोल’ म्हणतात आणि तो वीटभट्ट्यांवर जातो. तो शब्द डच-जर्मन बाजूने, धातूच्या मळीच्या नावावरून आला असावा असं मानतात. उत्तर इंग्लंडमध्ये वाळूच्या टेकड्यांमधल्या ओलसर खोलगट जागेलाही स्लॅक म्हणतात, तो जुन्या नॉर्स भाषेतला. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा पाणथळ खोलग्यांत नॅटरजॅक नावाचा दुर्मीळ भेक अंडी घालतो. सैलपणाशी या दोघांचा संबंध नाही, म्हणून त्यांना इथेच सोडू.

दोरीकडे येऊ. सह्याद्रीत कड्यावर चढाई करणाऱ्यांच्या तोंडी दोन शब्द सतत असतात, टाइट आणि स्लॅक. वर चढणारा ‘स्लॅक दे’ म्हणतो, तेव्हा त्याला पुढच्या खोबणीपर्यंत हात न्यायचा असतो आणि कमरेची दोरी त्याला मागे खेचत असते. खाली दोरी सांभाळणारा तेवढीच सोडतो. ती कमी पडली तर चढणारा अडकतो, हिसका बसून त्याचा तोलही जाऊ शकतो. जास्त सुटली तर पडताना तो आधी तेवढं अंतर मोकळाच खाली येतो आणि मग दोरीला झटका बसतो. हा झटका किती जोराचा, ते पडण्याचं अंतर आणि ते पडणं झेलणाऱ्या दोरीची लांबी यांच्या गुणोत्तरावर ठरतं. म्हणून थोडीच दोरी बाहेर असताना तिच्या दुप्पट अंतर पडणं हे सगळ्यांत वाईट. चढाईची दोरी मुद्दाम ताणली जाईल अशी विणलेली असते, तीही याचसाठी. आपल्या पतंगवाल्यांची ‘ढील दे’ची आरोळी याच जातीची. ढील देणारा हात सुस्तावलेला नसतो, त्या क्षणी तो सगळ्यांत सावध असतो.

क्रेनवाले या क्रमाला फार जपतात. ओझ्याला साखळी अडकवली की आधी हळूच दोर वर घ्यायचा, ढील संपली की थांबायचं, गाठ आणि तोल पाहायचा, आणि मगच उचलायचं. ढील शिल्लक असताना जोरात उचललं तर दोरावर वजनाच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त भार एका क्षणात येतो. इंग्रजीत दुसऱ्याचं उरलेलं काम अंगावर घेण्याला ‘ढील काढून घेणं’ म्हणतात आणि कुणाला जरा सांभाळून घेण्याला ‘ढील देणं’ म्हणतात. हे वाक्प्रचार या दोरांच्याच जगातले दिसतात.

रेल्वेत हा शब्द सगळ्यांत जास्त आवाज करतो. रात्री यार्डाजवळ राहणाऱ्यांना तो आवाज ओळखीचा असतो. मालगाडी सुटताना पुढून मागे धावत जाणारी खडखड, एकामागून एक डब्यांचे झटके. दोन वाघिणींच्या जोडणीत थोडी मोकळीक असते. पन्नास-साठ वाघिणींच्या गाडीत ती साठत जाऊन कित्येक मीटर होते. पूर्वीच्या साध्या बेअरिंगच्या काळात ही मोकळीक इंजिनाला वरदान होती. उभी वाघीण हलवायला जेवढा जोर लागतो, तेवढा ती चालू झाल्यावर लागत नाही. सगळ्या वाघिणी एकदम ओढायच्या तर इंजिन जागच्या जागी घसरलं असतं. म्हणून चालक आधी गाडी किंचित मागे रेटायचा, जोडण्या सैल करून घ्यायचा आणि मग पुढे निघायचा. वाघिणी एकेक करून चालू व्हायच्या. इंग्लंडमध्ये तर कित्येक दशकं मालगाडीच्या वाघिणी नुसत्या तीन कड्यांच्या साखळीने जोडलेल्या असत, आणि शेवटच्या डब्यातला गार्ड उतारावर आपला ब्रेक आवळून त्या साखळ्या ताणून धरायचा. ते त्याचं मोठं कौशल्य होतं.

हीच मोकळीक गाडी तोडूही शकते. पुढच्या वाघिणी थांबू लागल्या आणि मागच्या धावतच राहिल्या, तर त्या पुढच्यांवर येऊन आदळतात. मागच्या अडल्या आणि पुढचं इंजिन ओढत राहिलं, तर मोकळीक संपते त्या क्षणी जोडणीवर असा हिसका बसतो की पोलाद तुटतं. चढ संपून उतार लागतो तिथे तर गाडीचा एक भाग ताणलेला आणि दुसरा दाबलेला असतो. आपल्या भोर घाटात आणि कसारा घाटात ३७ मीटर अंतराला १ मीटर इतका चढ आहे. तिथे कर्जतला किंवा कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात. ती ढकलायला असतात हे सगळ्यांना दिसतं. त्यांचं दुसरं काम प्रवाशाला दिसत नाही. सगळं वजन एकट्या पुढच्या इंजिनाने ओढलं असतं तर पहिल्या काही जोडण्यांवर प्रचंड ताण आला असता. मागून मिळणारा रेटा तो ताण वाटून घेतो.

लाल-राखाडी एलएचबी डब्यांच्या गाड्या आल्या तेव्हा गाडी सुटताना-थांबताना बसणाऱ्या धक्क्यांच्या तक्रारी वाढल्या, त्याचं कारणही हेच. जुन्या निळ्या डब्यांत स्क्रूची जोडणी आवळून दोन डब्यांचे बफर एकमेकांना दाबून बसवलेले असत. नव्या जोडणीत अपघाताच्या वेळी डबे एकमेकांवर चढत नाहीत, हा मोठा फायदा होता, पण थोडी मोकळीक आली. मग धक्के शोषणाऱ्या यंत्रणेत सुधारणा करावी लागली. वंदे भारतमध्ये डबे एकमेकांना जवळजवळ कायमचे जोडलेले असतात, म्हणून तिथे तो हिसका जाणवत नाही. मालगाडीत हवीशी असलेली गोष्ट प्रवासी गाडीत नकोशी होते. ढील चांगली की वाईट हा प्रश्न कुठल्या गाडीत, हे सांगितल्याशिवाय सुटत नाही.

समुद्रावर स्लॅक ही वेळ असते. भरतीचं पाणी खाडीत आत येणं थांबलं आहे आणि ओहोटीचं बाहेर जाणं अजून सुरू झालेलं नाही, अशी ती मधली घटका. आपल्या कोकणात दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, म्हणजे प्रवाह असा साधारण चार वेळा उलटतो. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोराचा असल्याने ही शांत घटका चटकन सरते. भांगाच्या दिवसांत ती जास्त टिकते. आणि किनाऱ्यावर पाणी सर्वांत वर आलं तीच प्रवाह थांबण्याची वेळ असेल असंही नाही. अरुंद तोंडाच्या खाड्यांत दोन्हींत बराच फरक पडतो, कारण आतल्या विस्तीर्ण भागात पाणी भरायचं बाकी असतं.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सेमूर नॅरोज नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह १५ नॉटपर्यंत जातो, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर. त्यातच पाण्याखाली रिपल रॉक नावाचा दुहेरी शिखरांचा खडक होता. ओहोटीला त्याची टोकं पृष्ठभागापासून थोड्याच मीटरवर येत आणि भोवती भोवरे फिरत. कित्येक जहाजं तिथे फुटली, शंभराहून जास्त माणसं गेली. प्रवाहात तराफा नांगरून वरून भोकं पाडण्याचे प्रयत्न फसले, कारण तराफा जागेवर राहीना. शेवटी शेजारच्या बेटावरून समुद्रतळाखाली बोगदा खणून खडकाच्या पोटात आतून शिरले, सुमारे १,२७० टन स्फोटकं भरली आणि ५ एप्रिल १९५८ ला शिखरं उडवली. अण्वस्त्र सोडून झालेल्या स्फोटांत तो त्या काळातला अवाढव्य स्फोट होता. खडक गेला, प्रवाह राहिला. म्हणून आजही मोठी जहाजं सामुद्रधुनीच्या तोंडाशी वेळापत्रक पाहून थांबतात आणि पाणी थांबलं की पलीकडे जातात.

वाद्यातली ढील हवाई बेटांवर पाहावी. १८३०च्या सुमारास तिथे माजलेल्या गुरांना आवरायला मेक्सिकन गुराखी आणले गेले आणि त्यांच्याबरोबर गिटार आली, असं सांगतात. स्थानिकांनी तिच्या तारा आपल्या गळ्याला मानवतील अशा उतरवल्या. सर्वांत प्रसिद्ध मेळात सहापैकी तीन तारा प्रत्येकी दोन अर्धस्वर खाली येतात, आणि मग पट्टीवर बोट न ठेवता नुसत्या तारा छेडल्या तरी पूर्ण स्वरसंगती वाजते. त्याला ‘स्लॅक-की’ गिटार म्हणतात. घराघराचे असे मेळ होते आणि ते बाहेरच्यांपासून लपवून ठेवले जात.

कपड्यांत स्लॅक्स म्हणजे सैल पँट. महाराष्ट्रातल्या दुकानात मात्र स्लॅक्स मागितली की कुर्त्याखालची अंगाला घट्ट बसणारी विजार पुढे येते. शब्द प्रवासात इतके बदलतात.

या शब्दाची शिवी कशी झाली, ते सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इंग्रजीत ‘स्लॅकर’ म्हणजे कामचुकार हा शब्द रूढ होऊ लागला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सक्तीची सैन्यभरती सुरू केली आणि भरतीसाठी नाव न नोंदवणाऱ्याला हाच शब्द चिकटला. सप्टेंबर १९१८ च्या पहिल्या आठवड्यात न्यूयॉर्क आणि आसपासच्या शहरांत तीन दिवस धरपकड झाली. स्वयंसेवक, सैनिक आणि खलाशी रस्त्यांत, नाट्यगृहांत, रेल्वे स्थानकांत तरुणांना अडवून नोंदणीचं कार्ड मागत होते. ज्याच्या खिशात कार्ड नाही तो आत. हजारो लोक डांबले गेले आणि त्यांतले बहुतेक निर्दोष निघाले, नुसतं कार्ड घरी राहिलेलं. ‘निष्काळजी’ हा शब्दाचा जुना अर्थ असा माणसाच्या चारित्र्यावरचा शिक्का झाला, आणि हा अन्याय मला फार मोठा वाटतो. तेव्हापासून ‘स्लॅक’ ऐकलं की आधी संशय येतो.

अर्थशास्त्रात तो संशय नाही. तिथे स्लॅक म्हणजे कामाला न लागलेली ताकद. बंद असलेली यंत्रं, बेकार हात, पूर्णवेळ काम हवं असूनही अर्धवेळच मिळालेले लोक. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणात कित्येक वर्षं दोन हंगाम असत, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल ‘बिझी सीझन’ आणि मे ते सप्टेंबर ‘स्लॅक सीझन’. खरिपाचा माल बाजारात आला की कापूस, भात, तेलबिया उचलायला व्यापाऱ्यांना कर्ज लागायचं आणि पावसाळ्यात ती मागणी ओसरायची. देशाचा पैसा शेतीच्या ऋतूंप्रमाणे ताणला जाई आणि सैल होई.

मग गणित आलं. अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी १९५८ मध्ये पर्ट नावाची नियोजनपद्धत काढली, तिच्यात स्लॅकला नेमकी व्याख्या मिळाली. समजा, घराच्या स्लॅबला आधार देणाऱ्या बल्ल्या १४ दिवस काढायच्या नाहीत आणि खिडक्या बनवायला ५ दिवस लागतात. खिडक्यांचं काम ९ दिवस उशिरा सुरू झालं तरी घराला उशीर होत नाही. हे ९ दिवस म्हणजे स्लॅक. स्लॅबच्या कामात तो शून्य आहे, तिथे एक दिवस गेला की घर एक दिवस लांबलं. यात एक बारकावा आहे, तो बांधकामावरच्या लोकांना चांगला ठाऊक असतो. ते ९ दिवस एकट्या सुताराचे नसतात. सुतार, काचवाला, रंगारी अशी रांग असेल तर ते सगळ्यांचे मिळून असतात. सुताराने सगळे वापरले की रंगाऱ्याच्या वाट्याला एकही उरत नाही.

जॉर्ज डँटझिगने १९४७ मध्ये मांडलेल्या सिम्प्लेक्स पद्धतीतही स्लॅक आहे. कारखान्यात यंत्राचे १०० तास उपलब्ध आहेत, उत्तम योजनेत ८८ लागले, उरलेले १२ म्हणजे स्लॅक. आणि तिथे एक कठोर नियम आहे. ज्या गोष्टीत शिल्लक आहे, तिच्या आणखी एका नगाची किंमत शून्य. गणिताने हे बिनचूक सिद्ध होतं. मात्र त्या गणितात उद्याची सगळी मागणी आजच माहीत आहे असं गृहीत धरलेलं असतं. व्यवस्थापनाच्या कितीतरी बैठकांत निकाल तेवढा उचलला जातो आणि गृहीतक मागे राहतं.

उद्या अनिश्चित असेल तर हिशेब उलटतो. हे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नेर एर्लांगने १९०९ पासून मांडायला घेतलं. एक खिडकी आहे, लोक वाटेल तेव्हा येतात, प्रत्येकाच्या कामाला सरासरी १० मिनिटं लागतात, कुणाला कमी तर कुणाला जास्त. खिडकीवरचा माणूस निम्मा वेळ कामात असेल तर रांगेत सरासरी १० मिनिटं थांबावं लागतं. तो ८० टक्के वेळ कामात असेल तर ४० मिनिटं. ९० टक्के असेल तर ९० मिनिटं. ९५ टक्के असेल तर ३ तास १० मिनिटं. त्या माणसाचा शेवटचा रिकामा वेळ काढून घ्यायला गेलं की रांग अमर्याद वाढते.

अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या सेंट जॉन्स रुग्णालयात ३२ शस्त्रक्रियागृहं होती आणि सगळी सतत भरलेली. तातडीचा रुग्ण आला की आधी ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागत, डॉक्टर आणि परिचारिका रात्री उशिरापर्यंत थांबत. एका सल्लागाराने सुचवलं, की एक शस्त्रक्रियागृह रिकामं ठेवा, नुसतं तातडीच्या रुग्णांसाठी. आधीच जागा कमी, त्यात एक आणखी कमी करायची, हे तिथल्या शल्यविशारदांना पटेना. अखेर करून पाहिलं. तातडीचे रुग्ण केव्हा येतील हे कळत नसलं तरी ते येणार हे नक्की होतं, आणि आता ते ठरलेल्या कामात घुसत नव्हते. शस्त्रक्रियांची एकूण संख्या वाढली, उशिरा चालणाऱ्या शस्त्रक्रिया घटल्या. सेंधिल मुल्लैनाथन आणि एल्डार शफीर यांनी २०१३ च्या ‘स्कार्सिटी’ या पुस्तकात हे उदाहरण दिलं आहे, आणि ढिलाईच्या बाजूचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात एक खाट रिकामी दिसली, एसटीच्या आगारात एक गाडी उभी दिसली, कार्यालयात एका माणसाच्या टेबलावर आज काम दिसलं नाही, तर ती उधळपट्टी आहे असा शेरा मारण्याआधी ती कशासाठी राखली आहे, एवढं विचारा. कुणाला सांगता आलं नाही, तर खुशाल काढून टाका.